चौक लिहिणाऱ्या हातांचे नाव काय?

कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात गेलात, की पडद्यांवर, पिशव्यांवर, कपबशांवर वारली चित्रे हमखास दिसतात. त्रिकोणी अंगाची माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचत असतात. पण वाचकहो, ही नक्षी मुळात कोणाच्या हातची, असा विचार कधी मनात आला का?

ती आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायाबापड्यांच्या हातची. वारली घरात लग्न निघाले, की कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू द्यायचा. मग सवासिणी भिंतीपुढे बसतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की रंग झाला; बांबूची काडी चावून टोक मऊ केले की कुंचला झाला. चौकात मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या. वारली लोक चौक ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न पार पडत नाही, एवढा त्याचा मान!

१९७०च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर आले. भिंतीवरची कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी त्यात लग्नाबाहेरचे जीवनही रंगवले: शेती, मासेमारी, शिकार. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती. परदेशातही वारलीचे कौतुक झाले.

मात्र ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे कोठेच राहिली नाहीत. कागदावर सही राहते, भिंत पुन्हा सारवली की चौक पुसला जातो. शिवाय बाईचे काम ते घरचेच काम, त्याला कसले नाव, ही आपली जुनी समजूत!

डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेले. तरी शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे आजही वारली पाडे आहेत. कुडाच्या जागी विटांच्या भिंती येत आहेत. तेव्हा एवढे करा. जवळपास चौक लिहिणारी एखादी म्हातारी असेल, तर शाळेतल्या पोरीला तिच्याजवळ बसवा. चौक शिकून घ्या आणि वहीत आधी त्या आजीचे नाव लिहा.

आणि हो, आपल्या घरी दिवाळीला अंगण कोण सजवते? तिचेही नाव लिहायला विसरू नका.