प्रथिनांतील डोमेन आणि जैविक मार्ग : संगणकीय सांगड

प्रस्तावना :
जनुकसंचांचे वाचन आज वेगाने होते. परंतु त्यातून समोर येणाऱ्या प्रत्येक प्रथिनाचे कार्य प्रयोगशाळेत तपासणे शक्य नसते. अशा वेळी प्रथिनाच्या घटक-डोमेनवरून त्याच्या कार्याचा अंदाज बांधला जातो. प्रथिनशृंखलेचा जो भाग स्वतंत्रपणे घडी पडून विशिष्ट आकार धारण करतो, त्यास डोमेन म्हणतात. उदा., एसएच-२ हे सुमारे १०० अमिनो आम्लांचे डोमेन फॉस्फेटयुक्त टायरोसिनला ओळखून त्याच्याशी बद्ध होते. म्हणूनच ते पेशीतील संदेशवहनाच्या मार्गांत वारंवार आढळते.

पद्धती :
'पीफॅम' या संग्रहातील मार्कोव्ह प्रारूपांच्या साहाय्याने प्रथिनांतील डोमेन ओळखता येतात, तर मार्गांची माहिती जपानमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या 'केग' या संग्रहातून मिळते. त्यानंतर विशिष्ट डोमेन विशिष्ट मार्गात योगायोगापेक्षा अधिक वेळा आढळते काय, हे संख्याशास्त्रीय कसोटीने पाहिले जाते. समजा, २०,००० प्रथिनांपैकी १०० प्रथिनांत एखादे डोमेन आहे आणि एका मार्गात २०० प्रथिने आहेत. केवळ योगायोगाने तेथे असे सरासरी १ प्रथिन अपेक्षित असते. प्रत्यक्षात १० आढळल्यास तो संबंध दखलपात्र ठरतो. मात्र हजारो जोड्या एकाच वेळी तपासल्यास काही योगायोगानेही कसोटीस उतरतात. म्हणून निष्कर्षांत तशी दुरुस्ती करणे आवश्यक असते.

१९९९ मध्ये मार्कोट, आयझेनबर्ग व सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखविला. एका जीवात स्वतंत्र असलेली दोन प्रथिने दुसऱ्या जीवात एकाच शृंखलेत जोडलेली आढळल्यास त्यांचे कार्य परस्परसंबद्ध असण्याची शक्यता असते. ई. कोलायमधील गायरेजचे दोन घटक आणि यीस्टमधील अखंड टोपोआयसोमरेज-२ हे त्याचे उदाहरण होय.

मर्यादा :
कायनेज डोमेन मानवाच्या सुमारे ५०० प्रथिनांत असून ती अनेक मार्गांत विखुरलेली आहेत. अर्थात, केवळ डोमेनवरून मार्ग निश्चित होत नाही. शिवाय एकाच पूर्वज जनुकाच्या द्विगुणनातून निर्माण झालेली दहा प्रथिने म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्याहून गंभीर बाब अशी की, संग्रहांतील अनेक नोंदी मुळात साम्यावरूनच केलेल्या असतात. त्यांनाच पुरावा मानल्यास अनुमान स्वतःचीच साक्ष काढते.

समारोप :
म्हणून अशा पद्धतीची पारख, जिचा मार्ग प्रयोगाने सिद्ध झाला आहे परंतु जी गणनेत वापरलेली नाहीत, अशा प्रथिनांवरच व्हावयास हवी. संगणक प्रयोगाची जागा घेत नाही. कोणता प्रयोग आधी करावा, हे तो सुचवितो.