अमेरिकेचे वार्तापत्र : नदीपलीकडचा कायदा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात ज्या थोड्या गृहस्थांपाशी शस्त्राचा परवाना आहे, त्यांना त्या परवान्यामागची यातायात सांगावयास नको. ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा, मग स्थानिक ठाण्याने चालचलणुकीची चौकशी करावी, शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढावा, २०१९ च्या दुरुस्तीमुळे दोहोंहून अधिक शस्त्रे बाळगू नयेत, बिऱ्हाड कायमचे हलविल्यास तीस दिवसांच्या आत नव्या हद्दीतील अधिकाऱ्यास वर्दी द्यावी, आणि निवडणूक जाहीर झाली की बहुधा ते पिस्तूलच सरकारजमा करून पावती जपून ठेवावी, असा हा सारा व्यवहार आहे. या मंडळींस अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे वर्तमान ऐकून हेवा वाटेल, कारण तेथे सज्ञान नागरिकास पिस्तूल बाळगण्यास ना परवाना लागतो, ना नोंद, ना मॅगझीनमध्ये किती काडतुसे मावावीत याची मर्यादा. आणि देशभरच्या बंदुकांची एकच मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास तर १९८६ च्या कायद्याने खुद्द केंद्र सरकारलाच मज्जाव केला आहे.

या निश्चिंतीची मुदत राज्याच्या सरहद्दीपर्यंत. ज्यांच्या वडिलांची उभी हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली, असे आमचे एक स्नेही आता अमेरिकन नागरिक आहेत, आणि नोकरीच्या निमित्ताने ते नुकतेच ॲरिझोनातील फिनिक्स सोडून इकडे आले. त्यांच्यापाशी ग्लॉक १७ जातीचे पिस्तूल आणि त्याची तीन मॅगझिने होती. हे मॅगझीन म्हणजे मुठीत मावणारी एक काळी, चपटी पेटी. आत स्प्रिंग, आणि पाठीवर बारीक भोकांची रांग, जिच्यातून काडतुसांची पितळी बुडे दिसतात व शेजारच्या आकड्यांवरून किती भरली ते बाहेरूनच कळते. आकडे १७ पर्यंत जातात. कॅलिफोर्नियात मात्र १० च्या वर गेलेले मॅगझीन राज्यात आणणे हा १ जानेवारी २००० पासून गुन्हा आहे, आणि २०१६ साली मतदारांनी ६३ क्रमांकाच्या प्रस्तावास कौल देऊन ते नुसते जवळ बाळगण्यावरही बंदी आणली. त्यावर जे दावे चालले त्यांची हकीकत एखाद्या जमिनीच्या दाव्यासारखी लांबली: २०१९ च्या वसंतात एका न्यायाधीशाने बंदी उठविली तेव्हा आठवडाभर खरेदीची झुंबड उडाली, नंतर स्थगिती आली, आणि अखेर मार्च २०२५ मध्ये वरिष्ठ अपील न्यायालयाने बंदी ग्राह्य धरली.

पिस्तुलापुरते राज्य उदार आहे. नव्या रहिवाशाने ६० दिवसांच्या आत राज्याच्या न्याय खात्याकडे एक फॉर्म भरून पाठवावा. त्यात बनावट, नमुना, कॅलिबर व क्रमांक नमूद करावा आणि १९ डॉलर शुल्क भरावे, की झाले. मॅगझिनासाठी फॉर्म नाही, शुल्क नाही आणि सवलतीची मुदतही नाही. दोन्ही राज्यांच्या सरहद्दीवरील कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडताक्षणी, काल फिनिक्सच्या दुकानात राजरोस मिळणारी वस्तू आक्षेपार्ह होते. गंमत अशी की पुलापलीकडे ब्लाइद गावी नाका आहे खरा, पण तेथे विचारणा होते ती फळाफळावळीची, कारण बागायतीवरील कीड राज्यात शिरू नये याची या सरकारला फार काळजी. पिस्तुलाबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही.

मला या व्यवस्थेतील खरा पेच येथेच दिसतो. आपल्याकडे कारकून चार हेलपाटे घालावयास लावतो, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून परत पाठवितो, परंतु कोणता कागद कमी आहे हेही तोच सांगतो. येथे अर्ज नाकारणारा कोणी नाही म्हणून वाट दाखविणाराही कोणी नाही. कायद्याचा मजकूर छापलेला आहे, तो स्थलांतर करणाऱ्याने आपला आपण वाचावा, असा एकंदर रोख. वाचावयाचेही एकच नाही: कोलोरॅडोत मर्यादा १५, इलिनॉयमध्ये पिस्तुलास १५ व लांब बंदुकीस १०, आणि हवाईत पोहोचल्यापासून पाच दिवसांत पोलिसांकडे नोंद. वाटेत एखादे कडक राज्य लागल्यास बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत न्यावी म्हणजे केंद्राच्या कायद्याचे संरक्षण मिळते, पण तेही निघतो तेथे आणि पोहोचतो तेथे ती बाळगण्याचा हक्क असेल तरच. आमच्या स्नेह्यांनी ती तिन्ही मॅगझिने निघण्यापूर्वीच फिनिक्सच्या एका दुकानात विकली आणि १० काडतुसांची नवी घेतली.

बदलापूर-अंबरनाथचे जे आईबाप मुलाला दूरध्वनीवर ‘तुझ्या घरी बंदूक तर नाही ना?’ असे विचारतात, त्यांच्या माहितीसाठी एवढे लिहितो की एच-१बी वा विद्यार्थी व्हिसावर आलेल्यास केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा परवाना काढल्यास अपवाद आहे, पण ज्याच्या वाट्याला शनिवारची लाँड्री आणि सोमवारची डेडलाइन आली आहे, त्याने हरणामागे धावावे असा प्रसंग क्वचितच येतो.