थंडीचे जळण आणि घरखर्चाची वही

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव निघाले की पुण्या-मुंबईकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो तेथील उन्हाळा. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर गेल्याचे वर्तमान तो दरसाल वाचतो आणि मनाशी म्हणतो, ‘तेथे माणसे राहतात तरी कशी!’ त्याच जिल्ह्यात मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे दात वाजतात, असे सांगितले तर त्यास ते थट्टेचे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यात नवल काही नाही. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र; दिवसा जमिनीत मुरलेली ऊब सूर्य मावळताच झपाट्याने वर निघून जाते. रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास, प्रसंगी त्याच्याही खाली उतरतो. शिवाय ह्या भागातील घरे उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. वारा खेळावा म्हणून कौलांखाली व भिंतीवर जी मोकळी जागा ठेवलेली असते, तिच्यातूनच पौषाचा वारा आत शिरतो. युरोपातील थंडीपुढे ही थंडी किरकोळ खरी. पण तेथील घर थंडीसाठी बांधलेले असते, आणि येथील घराला थंडी हा दोन महिन्यांचा आगंतुक पाहुणा वाटतो. पाहुण्याची सोय कोणीच केलेली नसते.

माणिकगडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गडचांदुरात ही गोष्ट विशेष डोळ्यांत भरते, आणि तिचे कारण गावाच्या परिस्थितीत आहे. हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. आज गडचांदूर कोरपना तालुक्यात मोडते. जमिनीत चुनखडी विपुल, जवळच वर्धेच्या खोऱ्यातील दगडी कोळसा. त्यामुळे येथे व आसपास सिमेंटचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. कारखान्याच्या भट्टीत सुमारे १,४५० अंशांची उष्णता रात्रंदिवस धगधगत असते. जिल्ह्याच्या ठिकाणी २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. म्हणजे कोळसा येथला, आग येथली, वीज येथली. असे असता, त्याच भट्टीच्या धुराड्यापासून हाकेच्या अंतरावरील वस्तीत एखादी बाई पहाटे चुलीपुढे बसून ओल्या काटक्यांवर फुंकणी मारीत असते, ती कशासाठी? तर बादलीभर पाणी चाळीस अंशांवर नेण्यासाठी. क्लिंकर नावाचा जो भाजलेला दगड दळून सिमेंट करतात, त्याच्या एका किलोस साधारण ७५० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत दीड बादलीहून अधिक आंघोळीचे पाणी तापले असते.

आता ह्या बादलीचाच हिशेब करून पाहू. कारण थंडीतील घरखर्चाचे खरे माप तेच आहे. स्वयंपाकाचे जळण बारमाही सारखेच लागते. हिवाळ्यात जे वाढते ते आंघोळीच्या पाण्याचे. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यावयाचे, तर ४४० किलोकॅलरी उष्णता हवी. ह्या आकड्यात कोणाचीही गरिबी-श्रीमंती पाहिली जात नाही. तो निसर्गाचा भाव आहे. फरक पडतो तो ही उष्णता कोठून आणली ह्यात.

गॅसच्या शेगडीवर पातेले ठेवले, तर वाया जाणारी उष्णता वजा जाता एका बादलीस सुमारे ६२ ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरात अशा सव्वादोनशेंच्या वर बादल्या निघतात. एप्रिल २०२५ मध्ये ह्या सिलिंडरचा भाव मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे झाला होता; त्या भावाने बादली पावणेचार रुपयांस पडली. घरात पाच माणसे असतील, तर महिन्याच्या दीडशे बादल्या, म्हणजे सिलिंडरचा दोन-तृतीयांश भाग केवळ न्हाणीघरात जातो. पौषात सिलिंडर लवकर संपले म्हणून स्वयंपाकघरातील सुनेकडे पाहण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी हा अपूर्णांक ध्यानी धरावा.

विजेच्या बंबास त्याच बादलीस अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. वरवर पाहता हे स्वस्त दिसते, पण येथे एक मेख आहे. महिन्याच्या दीडशे बादल्यांस ऐंशीच्या वर युनिटे होतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाच्या पहिल्या शंभर युनिटांस ऊर्जेचा आकार ४ रुपये ७१ पैसे होता, आणि शंभरापुढील दोनशे युनिटांस १० रुपये २९ पैसे. दिवे, पंखा, दूरचित्रवाणी व शीतकपाट ह्यांनी पहिले शंभर आधीच भरत आलेले असतात. तेव्हा बंबाची बहुतेक युनिटे दुप्पट भावाच्या पायरीवर जाऊन पडतात. वहन आकार धरला तर बादली सहा रुपयांच्या पुढे गेली, वर वीजशुल्क निराळे. ‘बंब तर दहाच मिनिटे लावतो’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नसते. ते फक्त पायरीचा विचार करीत नाहीत.

आता चुलीकडे येऊ. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत चार हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. परंतु साध्या उघड्या चुलीत त्यांपैकी जेमतेम दहावा-आठवा हिस्सा भांड्यास लागतो. उरलेली उष्णता भिंतीस, वाऱ्यास आणि धुरास जाते. म्हणून एका बादलीस सुमारे एक किलो लाकूड. आपल्या आजीच्या काळचा तांब्याचा बंब ह्या बाबतीत शहाणा होता. मधल्या नळीत आग आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना असल्यामुळे तीच काटकी त्यात अधिक पाणी तापवी. नारळाच्या करवंट्या, गोवरीचे तुकडे, सुताराकडील ढलप्या असे जे घरात पडेल ते त्यात खपून जाई. तो अडगळीत टाकून आपण विजेचा बंब भिंतीस लावला, त्यास माझी तक्रार नाही. धूर गेला हे चांगलेच झाले.

पण एक किलो लाकडाची किंमत किती? शहरी वहीत तिच्यापुढे आकडा लिहिता येतो. गडचांदुराच्या आसपासच्या खेड्यांत, जिवतीच्या डोंगरावरील कोलामांच्या पाड्यांत तिच्यापुढे शून्य लिहिले जाते. कारण ते लाकूड रानातून आणलेले असते. येथेच सारा हिशेब फसतो.

इंग्लंडात १९९१ साली ब्रेंडा बोर्डमन ह्या विदुषीने इंधनाच्या दारिद्र्यावर एक ग्रंथ लिहिला. ज्या कुटुंबास घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहाव्या भागाहून अधिक खर्च करावा लागतो ते कुटुंब इंधनाने दरिद्री, असे माप त्यात आहे, आणि पुढे ते तेथे बरीच वर्षे सरकारदरबारी चालले. थंड देशास ते शोभणारे आहे. परंतु तेच माप घेऊन एखादा पंडित कोरपना तालुक्यात आला, तर काय होईल? महिना दहा हजार मिळविणारा मजूर, सिलिंडर आणि विजेचे बिल मिळून हजारावर गेला की दरिद्री ठरेल; आणि त्याच्या शेजारची, दर दोन दिवसांनी डोक्यावरून वीस-पंचवीस किलोंची मोळी आणणारी बाई इंधनावर दमडीही खर्च करीत नाही म्हणून सुखवस्तू ठरेल! अर्थात तिच्या घरी पाच बादल्या तापतच नाहीत. म्हाताऱ्यास एक, तान्ह्यास अर्धी, आणि बाकीचे उन्हे वर आल्यावर विहिरीवर. ही न तापलेली बादलीही कोठल्याच वहीत मांडलेली नसते.

ह्या मोळीस ऋतूची एक विलक्षण अडचण आहे. राजुरा-कोरपन्याची काळी जमीन कापसाची. कापूस वेचून झाला की उभी राहिलेली पऱ्हाटी, आणि तूर झोडल्यावर उरलेल्या तुराट्या, हे शेतकऱ्याच्या घरचे वर्षाचे सरपण. परंतु वेचणी ऐन थंडीत चालू असते. पऱ्हाटी उपटून घरी येते ती वेचणी उरकल्यावर, बहुधा थंडी ओसरू लागल्यावर. म्हणजे ज्या वेळी जळण सर्वांत अधिक हवे, नेमकी त्याच वेळी गेल्या वर्षीची रास संपलेली आणि नवी अजून शेतात उभी, अशी स्थिती होते. त्यात भर म्हणजे, पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते म्हणून तिची रास बांधावर वा घरामागे रचून ठेवू नये, असा शेतीखात्याचा उपदेश. तो शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. पण ती रास गेली तर पुढील पौषात चूल कशावर पेटवावयाची, ह्याचे उत्तर त्या उपदेशात नसते.

आणि वेचणीचे दिवस हे मजुरीचे दिवस. वेचणीचा पैसा किलोवर मिळतो. जी बाई दुपारी रानात गेली, तिचा तितका कापूस बुडाला. म्हणून ती सरपणास जाते तांबडे फुटण्याच्या सुमारास, नाहीतर दिवेलागणीच्या आत घाईघाईने. म्हणजे वाघाच्या हिंडण्याच्या वेळी. हा अलंकार नव्हे. राजुऱ्याच्या जंगलात ‘आरटी-१’ म्हणून नोंदलेल्या वाघाने दोन वर्षांच्या आत आठ माणसांचे बळी घेतले, तेव्हा २०२० च्या ऑक्टोबरात वनखात्याने त्यास पिंजऱ्यात धरले. त्यानंतरही जिल्ह्यातून अशी वार्ता येण्याचे थांबलेले नाही, आणि रानात गेलेली माणसे काही हौसेने गेलेली नसतात. बरे, त्यांचे जाणे बेकायदा आहे असेही सरसकट म्हणता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत झुडपी लाकूड व खुंट ह्यांचाही समावेश केला आहे. हक्क आहे, पण हक्क बजावावयास जावे लागते ते वाघाच्या दारातून.

मग गॅस का घेत नाहीत, असा प्रश्न आपल्या बैठकीत हमखास निघतो. घेतलेला असतो. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने शेगडी खेड्यापाड्यांत पोचविली, हे मान्य केलेच पाहिजे; ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वनखात्यानेही २०१५ च्या जन-वन विकास योजनेतून गॅस दिला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ८० टक्के घरांत स्वयंपाकास स्वच्छ इंधन मुख्यतः वापरले जात असल्याचे आढळले. देशाचा आकडा ५८.६ टक्के होता. पण शेगडी असणे निराळे आणि सिलिंडर भरणे निराळे. उज्ज्वलेच्या ग्राहकास ऑक्टोबर २०२३ पासून दर सिलिंडरमागे ३०० रुपये सूट ठरली, ती मागाहून बँकेत जमा होते. आधी सगळी रक्कम एकरकमी मोजावी लागते. ज्याचा पगार पहिल्या तारखेस येतो त्यास ह्यातली अडचण कळणे कठीण. ज्याची मजुरी आठवड्याच्या बाजारास हाती येते आणि बाजारातच संपते, त्यास ती पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती राहते, आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते.

कोळशाचा मार्गही आहे. खाणींच्या भोवतालच्या वस्त्यांत संध्याकाळी अंगणात शेगड्या पेटतात. काळा पिवळा धूर निघून गेला की त्या आत नेतात. कोळसा ह्या भागात फुकट किंवा फुकटासारखा मिळतो. परंतु धूर दिसेनासा झाला म्हणजे विष संपले असे नव्हे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास. दारे-खिडक्या लावून शेगडी उशाशी घेऊन निजलेले कुटुंब सकाळी न उठल्याच्या घटना आपल्या देशात दर थंडीत घडतात. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवण्याची आपली जुनी चाल आहे, तेथे निदान एक खिडकी उघडी राहील एवढे प्रत्येक आजीने पाहावे. चुलीच्या धुराचे काम अधिक सावकाश चालते इतकेच. २०१९ साली भारतात घरातील धुरामुळे सुमारे सहा लाख मृत्यू झाले, असा वैद्यकशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यात खोकला, दमा, डोळ्यांची आग ही किरकोळ दुखणी धरलेली नाहीत.

ज्यांचे छप्पर स्वतःचे व पक्के आहे, त्यांना गडचांदुराची थंडी स्वतःच उपाय सांगते. जे निरभ्र आकाश रात्री गारठा आणते, तेच दिवसा स्वच्छ ऊन देते. सुमारे दोन चौरस मीटरांचा सौर बंब दिवसाकाठी शंभर लिटर पाणी कडकडीत तापवितो, आणि पाच माणसांच्या आंघोळी विजेच्या पायरीवर न चढता होतात. पण कौलारू भाड्याच्या खोलीवर तो बसत नाही. तेथे काळा रंगविलेला झाकणाचा डबा दिवसभर उन्हात ठेवून वेचणीहून परतल्यावर सायंकाळी स्नान करणे हाच बिनखर्ची मार्ग. भांड्यावर झाकण आणि लाकूड पुरते वाळलेले, एवढ्या दोन गोष्टींनीही चुलीचे जळण वाचते. सनातनी मंडळी सायंस्नानास नाक मुरडतील. त्यांनी पौषाच्या पहाटे एकदा मोळी आणून पाहावी.

राहिला सिलिंडरच्या एकरकमी पैशाचा प्रश्न. पाच किलोंचे लहान सिलिंडरही मिळते. उज्ज्वलेतही ते घेता येते. वरच्याच हिशेबाने त्यात ऐंशी बादल्या होतात, म्हणजे थंडीचा एक महिना रोज दोन-अडीच. म्हातारे आणि तान्हे ह्यांचे भागले. रक्कम आठवड्याच्या मजुरीत बसण्याजोगी. फक्त ते भरून आणण्यासाठी डोंगराखाली वेगळी खेप घालावी लागू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी, मीठ-मिरचीच्या दुकानांच्या ओळीतच ते बदलून मिळाले, तर परतीच्या वाटेवर डोक्यावर मोळीच्या जागी तेच जाईल.