संगणक-समूहांतील कामाची वांटणी

पुष्कळ हात लागले म्हणजे काम लवकर उरकतें, हें आपण सर्व जाणतों. परंतु घरांत चार जातीं असून आठहि जणी एकाच जात्याच्या खुंट्याला हात घालूं लागल्या, तर दळण लवकर न होतां खोळंबाच होईल. मोठमोठ्या संगणकांतहि कधीं कधीं असाच प्रकार घडतो. तो कां घडतो व कसा ओळखावा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

अनेक संगणक एकमेकांस जोडून त्यांजकडून एकच मोठें गणित सोडवून घेतात, तेव्हां त्यांस संगणक-समूह अथवा क्लस्टर म्हणतात. १९९४ सालीं अमेरिकेंत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं नासा या संस्थेंत बाजारांत मिळणारे साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नांवाचा समूह उभारला. आपल्या पुण्यांतहि भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंत २०१८ सालीं हवामानाच्या गणितासाठीं ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसविण्यांत आला. त्याची रचनाहि असंख्य घटकांकडून एकजुटीनें काम करून घेण्याचीच होती. वादळाचें अनुमान वादळ येऊन गेल्यावर हातीं आलें, तर कोळ्यास त्याचा काय उपयोग? म्हणून येथें वेळेला फार मोल आहे.

संगणकांतील आकडेमोड करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात, व त्यांत स्वतंत्रपणें काम करणारे जे घटक असतात, ते कोअर होत. एक कोअर म्हणजे एक जातें. पहिली फसगत हे कोअर मोजतांनाच होते. इंटेल कंपनीनें २००२ सालीं हायपर-थ्रेडिंग ही युक्ति बाजारांत आणिली. तिच्या योगानें एक कोअर दोन असल्यासारखा भासतो. खरे कोअर १६ असले तरी लिनक्स प्रणाली ३२ दाखविते. या युक्तीनें कांहीं लाभ होतो, पण काम दुप्पट होत नाहीं. दुसरी फसगत याहून निराळी. सामाईक समूहावर ‘स्लर्म’सारखी वांटप-व्यवस्था १६ पैकीं चारच कोअर आपल्या वांट्यास देते, आणि आपला प्रोग्रॅम मात्र सगळें यंत्र आपलेंच समजून बत्तीस कामें सुरू करितो! ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा सबंध यंत्राची रचना सांगते, तर ‘एनप्रॉक’ ही आपल्या वांट्यास काय आलें तें सांगते. दोन्ही उत्तरें ताडून पाहावीं.

आतां बांधणीचा विचार करूं. कोअरजवळ लहानशी स्मृति असते, व चालू कामाची सामग्री तींत हाताशीं राहते. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हालविलें, तर ती सामग्री पुनः गोळा करावी लागते. म्हणून काम ठराविक कोअरला बांधून टाकितात. ही बांधणी चुकली कीं घात होतो. काम एकाच कोअरला बांधलें आणि त्यानें पुढें आठ पोटकामें काढलीं, तर आठहि तेथेंच दाटी करितात. तसेंच, ‘ओपन एमपीआय’च्या साह्यानें एकाच यंत्रावर दोन निरनिराळीं गणितें एकमेकांच्या नकळत सुरू केलीं, तर दोन्ही पहिल्या कोअरपासूनच जागा धरूं शकतात, बाकीचे कोअर रिकामेच! यांत चुकीची सूचना बहुधा मिळत नाहीं. गणिताचें उत्तरहि बरोबर येतें. फक्त वेळ अतोनात लागतो.

उपाय क्रमानें करावा. आधीं कोअर मोजावे. मग ‘रिपोर्ट-बाइंडिंग्ज’ हा पर्याय देऊन कोणतें काम कोठें बांधलें आहे, तें विचारावें. ‘एचटॉप’ उघडून कोणते कोअर राबत आहेत व कोणते स्वस्थ आहेत, तें डोळ्यांनीं पाहावें. नंतर प्रत्येक कामास त्याच्या पोटकामांइतके कोअर नेमून द्यावे, आणि लहानशा गणितावर वेळ मोजून खात्री करावी. एका वेळीं एकच फेरफार करावा. नाहींतर गुण कशानें आला, तें कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र मंद चाललें कीं नवें यंत्र मागण्याकडे मनुष्याचा कल असतो. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, त्यांतलाच हा प्रकार. मोजल्यावांचून वांटूं नये, आणि वांटल्यावर पाहिल्यावांचून राहूं नये.