डासांचा बंदोबस्त : घराचे काम आणि पंचायतीचे काम

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की पंचायतीकडे पहिली मागणी होते ती धुराच्या फवारणीची. धूर दिसतो, वास येतो आणि काहीतरी झाले असे समाधान मिळते. परंतु या धुराने फक्त उडणारे डास मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून डासांचा खरा बंदोबस्त पाण्यातच केला पाहिजे.

प्रथम कोणता डास कोठे वाढतो हे समजून घेऊ. गटारातील घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोग पसरतो तो याच्यामुळे. हिवतापाचा अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी मात्र स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरील उघड्या टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी, नव्या बांधकामावर साचवलेले पाणी ही त्याची ठिकाणे. डेंग्यूच्या एडिस डासाला तर करवंटीतले, टायरमधले किंवा ताडपत्रीच्या खळग्यातले पाणीसुद्धा पुरते. तेव्हा नुसती गटारे उपसून हिवताप व डेंग्यू हटणार नाहीत.

गोव्याचा अनुभव हेच सांगतो. पणजीत १९८६ साली हिवतापाची साथ आली. शहरात बांधकामे वाढत होती आणि त्याबरोबर साचलेले पाणीही. पुढे १९९० च्या दशकात तेथे अळ्या मारणारे जीवाणूजन्य औषध व अळ्या खाणारे मासे यांचे प्रयोग झाले. बांधकाम मजुरांचे रक्त तपासून त्यांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत आली व त्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकण्यात आली. त्या काळच्या मानाने आज गोव्यात हिवतापाचे रुग्ण फारच थोडे आहेत. परगावाहून आलेल्या मजुराला दोष देऊन ताप जात नाही. तो राबतो तेथील पाणी मालकाने व कंत्राटदाराने आवरले पाहिजे, आणि त्याच्या तापाची तपासणी वेळेवर झाली पाहिजे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य व स्वच्छता हे विषय पंचायतींच्या यादीत घातले आहेत. तेव्हा ग्रामसभेत पुढील प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे :

१. गावात चालू असलेल्या बांधकामांवर साचलेले पाणी कोण तपासतो? दर आठवड्याला तपासतो का?

२. पडीक विहिरींना जाळी बसवली आहे का, किंवा त्यांत गप्पी मासे सोडले आहेत का?

३. गावची आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती कधी बसते? तिला मिळणारा निधी कशावर खर्च झाला?

घरी करावयाचे काम सोपे आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंप, हौद व फुलदाण्या रिकाम्या कराव्यात, आतून घासाव्यात आणि कोरड्या करून मग भराव्यात. टाकीला घट्ट झाकण असावे. बागेतील करवंट्या पालथ्या घालाव्यात. पिण्याच्या विहिरीत रॉकेल किंवा जळके तेल कधीही टाकू नये. ज्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात तेथे मासे टिकत नाहीत, तिला जाळीच हवी. थंडी वाजून ताप आल्यास घरगुती गोळीवर न विसंबता आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

एका घराने हे सर्व केले आणि शेजारची टाकी उघडी राहिली, तर ताप दोन्ही घरांत येतो. म्हणूनच हे काम एकट्याने पुरे होत नाही. पुढच्या ग्रामसभेला धर्मग्रामातील प्रत्येक घरातून एकाने तरी हजर राहावे.