वाशिमचं ‘दरडोई उत्पन्न’ म्हणजे घरात येणारा पैसा नव्हे! मग घराचं उत्पन्न मोजतात तरी कसं?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असला की आधी उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. त्यावर एक आकडा असतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न येतं, तो दुसरा आकडा. आणि महिनाअखेरीस घरात प्रत्यक्ष उरतो तो तिसरा. हे तीन आकडे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत.

वाशिमसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा दरडोई उत्पन्नाच्या यादीत नंदुरबार, गडचिरोलीसोबत तळाकडे दिसत आला आहे. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून चार जिल्हे घेतले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशिम.

दरडोई उत्पन्न म्हणजे नेमकं काय?

जिल्ह्यात वर्षभरात शेती, कारखाने, दुकानं, वाहतूक, सरकारी नोकऱ्या यांतून जेवढं मूल्य तयार झालं, त्याला लोकसंख्येने भागायचं. झालं दरडोई उत्पन्न. हा पैसा कुणाच्या घरात गेला, ते यात कळत नाही. रिसोडचा मुलगा पुण्यात काम करून घरी पैसे पाठवतो, ते वाशिमच्या उत्पादनात धरले जात नाहीत.

दुसरी गोम सरासरीची. समजा, गावात दहा घरं आहेत. नऊ घरांत महिन्याला ८,००० रुपये येतात आणि एका घरात १ लाख. सरासरी निघते १७,२०० रुपये. गावात एवढं उत्पन्न असलेलं घर मात्र एकही नाही! म्हणून अभ्यासक मध्यक बघतात, म्हणजे सगळी घरं उत्पन्नानुसार रांगेत उभी केली की मधोमध येणारा आकडा. इथे तो आहे ८,०००.

शेतकऱ्याचं उत्पन्न मोजणं अवघड का?

पगारदाराला स्लिप मिळते. सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्याचं तसं नसतं. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे एकदाच येतो आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणीचा खर्च वजा करावा लागतो. घरी खाल्लेली तूरडाळ विकली नाही, तरी तिची किंमत धरावी लागते. पीककर्ज हातात आलं तरी ते उत्पन्न नसतं. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये कमाईत धरायचे की मदतीत, हेही आधी ठरवावं लागतं.

हा सगळा हिशेब २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात झाला. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यातले ४,०६३ रुपये मजुरी आणि पगारातून आलेले होते, तर पिकातून फक्त ३,७९८. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला पिकातून दिवसाला साधारण १२७ रुपये. शेतकरी म्हणून नोंद असलेल्या घराचीही सर्वात मोठी कमाई शेतात पिकत नव्हती.

वाशिमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, वरवट खंडेराव गावात, फाउंडेशन फॉर अ‍ॅग्रेरियन स्टडीज या संस्थेने २००७ मध्ये घरोघरी जाऊन पीक, मजुरी, जनावरं, इतर धंदे अशी मिळकतीची नोंद घेतली. अशा अभ्यासातून एकाच गावातल्या दोन घरांमधलं अंतर दिसतं. जिल्ह्याच्या सरासरीत ते दिसत नाही.

मग सरकार खर्च का मोजतं?

उत्पन्न विचारलं की लोक हात राखून सांगतात, पण किराणा, दवाखाना, शाळेचा खर्च त्या मानाने मोकळेपणाने सांगतात. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरी भागात ६,९९६. खर्चातली विषमताही आदल्या वर्षीपेक्षा कमी दिसली.

पण इथे जपून! गरीब घर हातउसने घेऊन खातं, श्रीमंत घर कमाईचा मोठा भाग बाजूला टाकतं. त्यामुळे खर्चातली दरी कमाईतल्या दरीपेक्षा सहसा लहान दिसते. शिवाय दवाखान्यासाठी कर्ज काढलं, तर कागदावर त्या घराचा खर्च ‘वाढतो’. त्याला सुबत्ता म्हणता येईल का?

पैसा म्हणजेच सुख?

म्हणूनच आता आरोग्य, शिक्षण, राहणीमानही मोजतात. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात पोषण, शाळा, पाणी, घर, बँक खातं असे १२ निकष आहेत. या मोजणीनुसार महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के लोक गरीब होते. मात्र नळ आणि बँक खातं असलेल्या घरातही सोयाबीनचा भाव पडला की मुलीचं कॉलेज थांबू शकतं. सोयी मोजून कमाईची अस्थिरता कळत नाही.

आता पुढे काय?

केंद्राने २०२५ मध्ये घरगुती उत्पन्नाचं देशव्यापी सर्वेक्षण २०२६ मध्ये करण्याचं जाहीर केलं. अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी तज्ज्ञ गटही नेमला. याआधीचे प्रयत्न फसले होते, कारण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षाही कमी भरत होतं!

तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या जिल्ह्याचं उत्पन्न इतकं वाढलं’ असा फॉरवर्ड आला, तर तीन गोष्टी विचारा: हे उत्पन्न आहे की खर्च? सरासरी आहे की मध्यक? आणि महागाई वजा केली आहे का? यांची उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा पुढे ढकलू नका.