पोलाद आणि भट्टींतील मळ



ज्वारीची काढणी जवळ आली कीं निलंग्याकडील शेतकरी विळे घेऊन लोहाराकडे जातो. दिसण्यांत सारखेच दोन विळे. लोहार दोन्ही तापवून लाल करतो व त्यांना पाणी देतो. एकाची धार हंगामभर टिकते, दुसऱ्याची दोन दिवसांत वळते. दोष प्रत्येक वेळीं लोहाराचाच असतो असें नाहीं. लोखंडांत पुरेसा कर्ब नसेल तर पाणी देऊनहि तें कठीण होत नाहीं. आणि कर्ब लोखंडांत राहणार कीं जळून जाणार, हें ठरविण्यांत भट्टींतील मळाचा मोठा वाटा असतो. वैद्य ज्याला मंडूर म्हणतात, तो हाच मळ.

पाण्यांत साखर विरघळावी तसा वितळलेल्या लोखंडांत कर्ब विरघळतो. सुमारें ११५० अंश सेंटिग्रेडला त्याचें प्रमाण शेंकडा ४.३ पर्यंत जातें. उष्णता वाढली कीं तें आणखी वाढतें. परंतु मळांत लोहाचें ऑक्साइड विपुल असेल, तर त्यांतील प्राणवायु कर्बाला ओढून घेतो व दोघेहि वायुरूपानें निघून जातात. जुन्या भट्ट्यांचा काळा, जड मळ बहुधा असाच असे. म्हणून त्यांचें लोखंड मऊ निघे.

याउलट मळांत चुना अधिक व लोहाचें ऑक्साइड अल्प असेल, तर कर्ब सुरक्षित राहतो. इतकेंच नव्हे, तर थोडा कर्ब कार्बाइडच्या रूपानें खुद्द मळांतहि मुरतो. असा मळ ओला केला तर कार्बाइडच्या दिव्याचा उग्र वास येतो.

हें मर्म आपल्या शेजारच्या कारागिरांना अनुभवानें साधलें होतें. नांदेडच्या सीमेपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् हें गांव आहे. १९४८ पर्यंत निलंग्याप्रमाणें तेंहि निजामाच्याच राज्यांत होतें. डॉ. व्हॉयसी यांनीं तेथील पोलादाचें वर्णन केलें असून तें १८३२ सालीं प्रसिद्ध झालें. दोन ठिकाणचें लोखंड मातीच्या मुशींत बंद करून तें कित्येक तास तापवीत. बंद मुशींत हवा शिरत नाहीं. धातूवर तरंगणारा मळ काचेसारखा, लोह-ऑक्साइड फारच कमी असलेला होतो. त्यामुळें अशा पोलादांत शेंकडा एक ते दोन कर्ब टिकून राहतो. तें नेण्यासाठीं इराणी व्यापारी तेथवर येत.

पुढें तो धंदा बुडाला. नियम मात्र बदलला नाहीं. आजच्या कारखान्यांतहि पोलादाबरोबर मळाचा नमुना तपासतात. म्हणून विळ्याची धार वळली तर लोहाराला बोल लावण्यापूर्वीं, लोखंड कोठून आणलें तें त्याला अवश्य विचारावें.